पायाभूत वर्ष

सरकारी आकड्याचे मोल काय असते, हे सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पीक कसे आले हे शेतकऱ्याला बांधावरूनच कळते. ते कसे आले असे मानायचे, हे मात्र पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ठरवते. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. गावाची अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आत लागली, तर जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी असे टंचाईचे दरवाजे उघडतात. ती ५० च्या वर गेली, तर शेजारच्या शिवाराइतकेच आपले शिवार करपूनही गाव सवलतींच्या यादीबाहेर राहते.

मी या भागातील एका महाविद्यालयात दीर्घकाळ अर्थशास्त्र शिकवले. पैसेवारी ज्याच्या आधारे ठरते, तो पीक कापणीचा प्रयोग दाखवायला मी विद्यार्थ्यांना मुद्दाम शेतावर नेत असे. निवडलेल्या गटात टेप लावून ठरावीक मापाचा चौकोन आखला जातो, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी ताणली जाते. दोरीच्या आतली बाजरीची कणसे तेवढी खुडून ताडपत्रीवर बडवतात, उफणतात, आणि मग दाणे तराजूत पडतात. भोवती तलाठी, कृषी सहायक, कोतवाल आणि पंच उभे असतात. त्या क्षणी शेताच्या मालकाचा चेहरा मी अनेकदा न्याहाळला आहे. दाणा भरावा म्हणून ज्याने हंगामभर कष्ट उपसले, तोच मनुष्य त्या घटकेला वजन कमी भरावे अशी मूक इच्छा धरून उभा असतो. त्याला दोष देण्याचे मला कधी सुचले नाही. पिकापेक्षा पिकाच्या नोंदीला अधिक किंमत आली, की माणसाचे सारे लक्ष नोंदीकडे वळणार, हे स्वाभाविक आहे.

वर्गात प्रदूषणाच्या परवान्यांचा बाजार शिकवताना मला नेहमी तो दोरीचा चौकोन आठवे. विषय वरकरणी माणच्या माळरानापासून फार दूरचा आहे. मूळ कल्पना अशी: हवेत किती धूर सोडू द्यायचा याची एकूण मर्यादा शासनाने ठरवावी, तेवढ्याच परिमाणाचे परवाने काढावेत, आणि ज्या कारखान्याला धूर कमी करणे स्वस्त पडते त्याने तो कमी करून उरलेला परवाना, ज्याला ते महाग पडते त्याला विकावा. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ जॉन डेल्स यांनी १९६८ मध्ये ही योजना पुस्तकरूपाने मांडली. एकूण धूर मर्यादेत राहतो आणि समाजाला त्यासाठी पडणारा खर्च किमान होतो. हा तर्क मी मनापासून शिकवला आणि आजही तो मला पटतो.

मात्र या तर्कात एक प्रश्न पुष्कळदा घाईने ओलांडला जातो. पहिला परवाना कोणाच्या हाती पडतो? रोनाल्ड कोझ यांच्या १९६० च्या प्रसिद्ध निबंधाच्या आधारे पाठ्यपुस्तके सांगतात की, व्यवहाराचा खर्च नगण्य असेल तर आरंभीचे वाटप कसेही झाले तरी बाजार अखेरीस परवाने योग्य ठिकाणी पोचवतो. कार्यक्षमतेपुरते हे खरे आहे. पण परवाना ही संपत्ती आहे. काल जी हवा कोणाचीच नव्हती, तिचा हिस्सा आज राजपत्रातील एका अनुसूचीने कोणाच्या तरी नावे होतो. कोट्यवधी रुपयांची संपत्ती शाईच्या एका ओळीने निर्माण होत असेल, तर ती ओळ लिहिली जात असताना मेजाभोवती कोण उपस्थित होते, या प्रश्नाला धुराच्या मोजमापाइतकेच महत्त्व येते.

गॉर्डन टलॉक यांनी १९६७ मध्ये आणि अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ मध्ये या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय पाया घातला. उत्पादन न वाढवता केवळ नियमातून मिळणाऱ्या लाभासाठी जी धडपड होते, ती स्वतःच समाजाचा खर्च असते, हे त्यांचे प्रतिपादन. लाभ एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला, एवढ्यावर हिशेब मिटत नाही. तो मिळवण्यासाठी वेळ, पैसा, बुद्धी आणि ओळखीपाळखी खर्ची पडतात, आणि ज्याला लाभ मिळत नाही त्याचाही खर्च झालेलाच असतो. क्रूगर यांच्या निबंधात भारताचे उदाहरण ठळकपणे येते. १९६४ मध्ये आयात परवाने आणि तत्सम नियंत्रणांमधून निर्माण होणारा असा लाभ त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के इतका अंदाजला होता. कच्च्या मालाचे परवाने कारखान्याच्या उभारलेल्या क्षमतेच्या प्रमाणात मिळत, म्हणून आधीची यंत्रे पूर्ण चालत नसतानाही कारखानदार नवी यंत्रे बसवीत. यंत्र बसवायचे ते माल काढण्यासाठी नसून परवान्यावर हक्क सांगण्यासाठी असे. भांडवलाची टंचाई असलेल्या देशात भांडवल असे निष्क्रिय पडून राहिले.

या खर्चाचे दुसरे रूप मी जवळून पाहिले आहे. तरुणपणी पाण्याच्या मागणीसाठी मंत्रालयात गेलेल्या शिष्टमंडळांत मीही असे. रात्रीची एसटी, पहाटे मुंबई, प्रवेशपासाची रांग, निवेदनाच्या प्रती, लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र आणि मग दालनाबाहेरच्या बाकावर दिवसभराची प्रतीक्षा. आमच्यात कोण कोण असत? गणित उत्तम शिकवणारे एक मुख्याध्यापक, सोसायटीचा चोख हिशेब ठेवणारे सचिव, तालुक्यातील प्रत्येक विहिरीची खोली तोंडपाठ असलेला एक वायरमन. गावाने कामासाठी निवडावीत अशी ही माणसे होती, आणि गावाने त्यांना निवडले ते बाकावर बसण्यासाठी. त्याच बाकावर शेजारी जतचे, आटपाडीचे, सांगोल्याचे लोक अशीच निवेदने घेऊन बसलेले असत. आमच्या मागण्या एकमेकींच्या विरोधात होत्या, कारण पाणी तेवढेच होते. आमच्या साऱ्यांच्या येरझाऱ्यांनी कृष्णेच्या खोऱ्यात एक थेंबही वाढणार नव्हता. तरीही कोणीच न जाणे शक्य नव्हते. जो घरी थांबला, त्याचे नाव यादीतून गळले. टलॉक यांचे प्रमेय मी पुढे पुस्तकात वाचले, तेव्हा ते मला अपरिचित वाटले नाही.

परवान्यांच्या वाटपात ही धडपड कोणते वळण घेते, हे पाहण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण घ्यावे. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने वीजकेंद्रांच्या गंधक डायऑक्साइडवर मर्यादा आली आणि १९९५ पासून परवान्यांचा बाजार सुरू झाला. आम्लवर्षा रोखण्याच्या दृष्टीने हा कार्यक्रम यशस्वी ठरला, आणि अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी खर्चात. ते श्रेय पूर्णपणे द्यायला हवे. पण परवाने जवळजवळ सारे फुकट वाटले गेले, लिलावासाठी राखले गेले ते जेमतेम तीन टक्के. वाटपाचा पाया होता १९८५ ते १९८७ या काळात वीजकेंद्राने जाळलेले इंधन. त्यावर कायद्यात अपवादांची आणि वाढीव वाट्यांची भर पडत गेली. इलिनॉय, इंडियाना आणि ओहायो या कोळशाच्या राज्यांतील केंद्रांना पहिल्या टप्प्यात दरवर्षी दोन लाख जादा परवाने मिळाले. त्या कलमांना नैसर्गिक विज्ञानाचा आधार नव्हता. तो आधार प्रतिनिधिगृहातील मतांचा होता.

युरोपने २००५ मध्ये कार्बनचा बाजार उघडला. प्रत्येक देशाने आपल्या उद्योगांसाठी परवान्यांचा आराखडा करायचा होता, आणि प्रत्येक देशाने आपल्या उद्योगांचे म्हणणे सहानुभूतीने ऐकले. एप्रिल २००६ मध्ये प्रत्यक्ष उत्सर्जनाचे आकडे बाहेर आले आणि परवाने गरजेपेक्षा अधिक वाटले गेल्याचे उघड झाले. काही दिवसांत भाव निम्म्यावर आला आणि २००७ संपेपर्यंत जवळजवळ शून्यावर. दरम्यान वीजकंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची बाजारकिंमत विजेच्या दरात मिळवून ग्राहकांकडून वसूल केली होती. अर्थशास्त्राच्या नियमांनुसार तसे घडणारच होते, कारण परवाना फुकट मिळाला तरी तो वापरून टाकणे म्हणजे विकण्याची संधी गमावणे. बोजा सामान्य ग्राहकावर पडला आणि लाभ भागधारकांना झाला. २०१३ पासून वीजक्षेत्रासाठी लिलाव हा नियम झाला. तेथवर पोचायला आठ वर्षे लागली.

या वाटपांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे: ज्याने पूर्वी जितके वापरले, त्याचा पुढेही तितका हक्क. उद्योगाच्या दृष्टीने त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. चालू कारखाना एकाएकी बंद पडू नये, कामगार उघड्यावर येऊ नयेत, भांडवल बुडू नये. ही कारणे खोटी नाहीत. पण या तत्त्वाचे दोन परिणाम आहेत, आणि दोन्ही आमच्या भागाने पाण्याच्या बाबतीत भोगले आहेत.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला माणमध्ये जेमतेम ५०० च्या आसपास. कृष्णा ज्या जिल्ह्यात उगम पावते, त्याच जिल्ह्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने तिचे खात्रीचे पाणी २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरले. सप्टेंबर १९६० पर्यंत वापरात असलेल्या किंवा हाती घेतलेल्या प्रकल्पांना त्याने आधी संरक्षण दिले आणि त्यातच सुमारे १६९३ टीएमसी पाणी गुंतले. उरलेल्यातून वाटप पूर्ण होऊन महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. वाहत्या कालव्याखालचे पीक मारून नवे वाटप करता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही १९६० साली ज्याच्याजवळ धरण वा कालवा नव्हता, त्याची गरज त्या गणितात नोंदली गेली नाही, हेही तितकेच खरे आहे. माणची तहान तेव्हाही होती. तिचा वापर मात्र झालेला नव्हता, आणि हक्काचा आधार वापर हा होता.

दुसरा परिणाम पुढे दिसला. लवादाच्या निवाड्याचा फेरविचार मे २००० नंतर होऊ शकत होता. आपल्या वाट्याचे पाणी त्याआधी अडवले नाही तर ते हातचे जाईल, या धास्तीतून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. रोखे काढून पैसा उभारला गेला आणि असंख्य प्रकल्पांचे नारळ एकदम फुटले. पैसा इतक्या ठिकाणी विखुरला, की पुष्कळ कामे वर्षानुवर्षे अर्धवट राहिली. माण-खटावसाठी नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या जिहे-कठापूर उपसा योजनेचे पाणी यायला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. ज्या काळात प्रत्येक योजना शांतपणे, क्रमाने पुरी व्हायला हवी होती, त्या काळात वापर सिद्ध करण्याची शर्यत सुरू होती. भूतकाळाला मोबदला मिळणार असे कळले, की लोक भूतकाळ तयार करू लागतात. आयात परवान्यासाठी बसवलेली निष्क्रिय यंत्रे आणि तारखेसाठी एकदम आरंभलेली धरणे यांच्यामागचा हेतू सारखाच होता.

हवेच्या बाजारात याहून विदारक प्रकार घडला. क्योटो कराराखाली विकसनशील देशांतील प्रकल्पांना उत्सर्जन घटवल्याबद्दल कार्बन क्रेडिट मिळू लागली. शीतकरणाचा एक वायू बनवताना एचएफसी-२३ हा वायू उपउत्पादन म्हणून तयार होतो. तापमानवाढीच्या त्या वेळच्या हिशेबात त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन. तो जाळण्याचा खर्च अल्प आणि त्यातून मिळणारी क्रेडिट अफाट होती. भारतात आणि चीनमध्ये अशा मोजक्या कारखान्यांनी अतोनात क्रेडिट मिळवली. मूळ मालापेक्षा त्याच्या घाणीचे उच्चाटन अधिक किफायतशीर ठरू लागले, आणि मग ही घाण क्रेडिटसाठीच निर्माण होत आहे काय, असा गंभीर आक्षेप उभा राहिला. अखेर युरोपने २०१३ पासून आपल्या बाजारात ही क्रेडिट स्वीकारणे बंद केले.

आमच्या परिसरात कार्बन क्रेडिटचा संबंध आला तो पवनचक्क्यांमुळे. कवठे महांकाळ तालुक्यात ढालगावच्या पठारावर त्या रांगेने उभ्या आहेत, तशाच सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीला आणि वनकुसवड्याला. पात्यांखालच्या माळावर धनगरांची मेंढरे पूर्वीप्रमाणेच चरतात. वाऱ्यापासून वीज मिळावी हे उत्तमच आहे, आणि या चक्क्यांनी ती दिली आहे. पण आरंभीच्या काळात त्या कशासाठी उभ्या राहिल्या, हेही पाहिले पाहिजे. नव्वदच्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दाखवून आयकर वाचवता येई. पुढे २००२ मध्ये तो ८० टक्के झाला. राज्याकडून विक्रीकरातही सवलत होती. लाभ उभारणीच्या खर्चावर अवलंबून होता, विजेच्या युनिटवर नव्हता. प्रत्येक युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची केंद्राची योजना आली ती डिसेंबर २००९ मध्ये.

या सवलतींवर कार्बन क्रेडिटची भर पडली. त्यासाठी मुख्य अट अशी होती: क्रेडिट मिळाले नसते तर प्रकल्प झालाच नसता, हे सिद्ध करणे. ही अट तपासायची कशी? न घडलेले वर्तमान कोणालाच मोजता येत नाही. म्हणून तज्ज्ञ सल्लागार बसले, किफायतशीर प्रकल्प कागदावर तोट्याचे दिसू लागले आणि प्रमाणपत्रे निघाली. राफाएल कालेल, जोनाथन कोल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पवन प्रकल्पांचा पुढे बारकाईने अभ्यास केला. मंजूर झालेल्या क्रेडिटपैकी किमान ५२ टक्के अशा प्रकल्पांना गेली, जे क्रेडिट नसतानाही बहुधा उभे राहिलेच असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या क्रेडिटच्या आधारे युरोपात कोणीतरी तेवढा अधिक धूर सोडला. म्हणजे कागदावर शून्य झालेला हिशेब आकाशात शिल्लक राहिला.

पठारावरच्या मेंढपाळाचा या हिशेबात काय वाटा? त्याच्या घरात वीज थोडी, इंधन थोडे, प्रवास पायी. पिढ्यान्‌पिढ्या त्याने हवेवर जवळजवळ काहीच भार टाकलेला नाही. भूतकाळातील वापर हा हक्काचा पाया असेल, तर त्याचा हक्क शून्य. प्रदूषणात घट हा मोबदल्याचा पाया असेल, तरीही त्याचा मोबदला शून्य, कारण ज्याने कधी वाढवलेच नाही तो घटवणार काय? काटकसरीने जगलेल्या माणसाला दोन्ही मापांत वजन नाही. मला या विषयात सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. लाचलुचपत हा वेगळा रोग आहे आणि त्यावर कायदा आहे. येथे साऱ्यांनी नियमाप्रमाणे वागूनही अन्याय होतो, कारण नियम ज्या वर्षाच्या वापरावरून हक्क मोजतो, ते पायाभूत वर्षच अन्यायाने निवडलेले असते.

याला पर्याय नाही असे कोणी म्हणू नये. पर्याय याच दुष्काळी मुलखात मांडला गेला आहे. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातील माणसांवर ठरवला: दर माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि भूमिहीनालाही हिस्सा. आटपाडीत १९९३ पासून भरू लागलेल्या पाणी संघर्ष परिषदांत नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. टेंभू उपसा योजनेचे पाणी आटपाडीला येणार असेल, तर ते प्रत्येक कुटुंबाला समान यावे, हा त्या मागणीचा गाभा. मंत्रालयाच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा मंडळींत आणि या चळवळीत मला पुढे एक मोठा भेद दिसला. आम्ही आमच्या तालुक्याचे नाव यादीत घालायला झटत होतो. त्यांनी यादी कशी करावी, यावरच वाद मांडला. त्यामुळे तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसे एका मांडवात बसू शकली.

दिल्लीत अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये हवेविषयी नेमके हेच म्हटले होते. पृथ्वीचे वातावरण जितका धूर सोसू शकते, त्यावर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क आहे, आणि श्रीमंत देशांनी पूर्वी अधिक धूर सोडला म्हणून त्यांना अधिक हक्क मिळू शकत नाही. भारत आंतरराष्ट्रीय मंचांवर दरडोई उत्सर्जनाची भूमिका आजही आग्रहाने मांडतो. जगापुढे जे तत्त्व आपण मांडतो, ते देशाच्या आत, एका कारखान्यात आणि एका गावात, वाटप करताना का विसरावे?

व्यवहारात दरडोई हक्काला सर्वांत जवळचा मार्ग लिलावाचा आहे, असे माझे मत आहे. परवाना सार्वजनिक संपत्ती मानून विकावा, आणि त्याचे मोल लोकांकडे, विशेषतः हवामानबदलाचा चटका ज्यांना आधी बसतो त्यांच्याकडे, परत यावे. फुकट परवाना द्यायचाच असेल तर तो ठरावीक मुदतीचा आणि उतरत्या प्रमाणात असावा. लिलावाने लॉबिंग संपणार नाही, मर्यादा किती असावी यावर ते चालूच राहील. पण ज्या लाभासाठी धावाधाव होते, तो लाभच आकसला तर धावणारेही कमी होतात. मोजमापाचेही असेच आहे: ते चोख असले, की आकडा वाकवण्याची धडपड कमी होते. २०१९ मध्ये सुरतला धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला, तेव्हा ३०० हून अधिक कारखान्यांच्या धुरांड्यांवर अखंड मोजणारी यंत्रे बसवली गेली. सुमारे ८० टक्के परवाने फुकट दिले गेले आणि २० टक्के लिलावाने. त्यातून धूलिकणांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात दिसले. बाजार आपल्या देशात चालतो, हे त्यातून सिद्ध झाले आहे. नोंद माणसाच्या हातून यंत्राकडे गेली, हे मला त्या यशाचे महत्त्वाचे कारण वाटते.

आता कार्बनसाठी असा बाजार वेगळ्या रूपात देशभर येत आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांसाठी उत्सर्जन-तीव्रतेची लक्ष्ये जाहीर झाली. पायाभूत वर्ष आहे २०२३-२४. मात्र येथे एकूण धुरावर मर्यादा नाही. मालाच्या प्रत्येक टनामागे किती धूर, एवढ्याचेच लक्ष्य आहे, आणि ते प्रत्येक कारखान्याला वेगळे. लक्ष्य कारखान्यागणिक वेगळे असेल, तर ते सैल करून घेण्याची खटपटही कारखान्यागणिक वेगळी आणि म्हणून नजरेआड राहणार. ऊर्जाबचतीच्या प्रमाणपत्रांची ‘पॅट’ योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हाही लक्ष्ये अशीच होती. पहिल्या फेरीत ६६.८६ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेच्या बचतीचे लक्ष्य होते, प्रत्यक्षात ८६.७ लाख टन साधले गेले. उद्योगांनी खरोखर चांगली कामगिरी केली, असे यातून म्हणता येते. लक्ष्यच सैल होते, असेही म्हणता येते. दोहोंतील खरे काय, हे ठरवायला ज्या काळी लक्ष्ये आखली गेली त्या काळचे कागद वाचावे लागतात, आणि ते तेव्हा उद्योगांच्या सल्लागारांखेरीज फारच थोड्यांनी वाचले.

म्हणून माझी एक विनंती आहे, विशेषतः आमच्या भागातील शिक्षकांना, वकिलांना आणि निवेदने लिहिण्याचा ज्यांना सराव आहे त्या सर्वांना. अशा नियमांचे मसुदे राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि त्यांवर हरकती व सूचना मांडायला ६० दिवसांची मुदत असते. त्या कोणालाही मांडता येतात, त्यासाठी मुंबईला वा दिल्लीला जावे लागत नाही. पुढील उद्योगांच्या लक्ष्यांचे मसुदे हाती येतील, तेव्हा अनुसूचीत प्रथम पायाभूत वर्षाचा रकाना पाहावा, मग कोणत्या कारखान्याला किती सूट आहे ते पाहावे, आणि आपली हरकत मराठीत, मुदतीच्या आत, सहीनिशी पाठवावी.